पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीमागचा सी अर्चिन

नीटसाठी बारावीचं जे जीवशास्त्राचं पुस्तक वाचतात, त्यात मानवी प्रजननाच्या धड्यात एक ओळ आहे. शुक्राणू अंड्याच्या बाहेरच्या थराला भिडला की आवरणात बदल होतात आणि बाकीच्या शुक्राणूंना मज्जाव होतो, असा तिचा आशय. लातूर-नांदेडच्या क्लासमध्ये पोरं ती घोकतात. पुढे बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेत फॉर्मालिनच्या बाटलीतला सी अर्चिन, म्हणजे समुद्रातला गोल काटेरी प्राणी, 'स्पॉट' (ओळखायचा नमुना) म्हणून समोर येतो. संघ कोणता, वर्ग कोणता, दोन लक्षणं लिहा, पुढचा स्पॉट. त्या बाटलीचं आणि त्या ओळीचं नातं सहसा कुणी सांगत नाही. ते सांगावंसं वाटतं, कारण ही समज जवळजवळ शंभर वर्षं या काटेरी प्राण्याच्या अंड्यांवर काम करून आली आहे.

हाच प्राणी का, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. याचं फलन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होतं. पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन दिलं की मादी लाखो अंडी सोडते आणि नर दुधासारखे दाट शुक्राणू. अंडं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, बऱ्याच जातींत आरपार दिसणारं. दोन्ही एकत्र केले की लाखो अंडी जवळजवळ एकाच क्षणी फलित होतात. रसायनशास्त्रज्ञाला एका अंड्यातून काही मोजता येत नाही, पण एकाच अवस्थेतली लाखो अंडी मिळाली तर मोजता येतं. उंदराच्या किंवा माणसाच्या बाबतीत ही सोय त्या काळी नव्हतीच.

1870च्या दशकात ऑस्कर हर्टविग यांनी भूमध्य समुद्रातल्या सी अर्चिनच्या अंड्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एकत्र येताना पाहिलं. फलन म्हणजे दोन केंद्रकांचं मीलन, हे तिथून पक्कं होत गेलं. 1872 साली इटलीत नेपल्सला समुद्रकाठी प्राणिशास्त्राचं संशोधन केंद्र निघालं होतं. तिथे थिओडोर बोव्हेरी यांनी दाखवलं की एका अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर गुणसूत्रांची वाटणी बिघडते आणि भ्रूण नीट वाढत नाही. म्हणजे दुसऱ्या शुक्राणूला रोखणं हा अंड्यासाठी जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. ते रोखतं कसं, हे कळायला मात्र बराच काळ जायचा होता.

याच नेपल्समध्ये 1908 साली ओटो वारबुर्ग यांनी एक साधी मोजणी केली. फलन झाल्यावर अंडी ऑक्सिजन किती घेतात? उत्तर आलं, आधीच्या जवळपास सहापट. वाढणाऱ्या जिवाला ऊर्जा लागते, म्हणून श्वसन वाढलं, असा सरळ अर्थ लावला गेला. वारबुर्ग यांना पुढे 1931 साली नोबेल मिळालं, पण त्यांनी मोजलेला हा ऑक्सिजन नेमका जातो कुठे, हा प्रश्न सत्तरएक वर्षं तसाच राहिला.

मधल्या काळातलं एक नाव आपल्याकडच्या वर्गात तरी घेतलं जायलाच हवं: अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. हा कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ वीसेक उन्हाळे अमेरिकेतल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत अंडी निरखत राहिला. अंड्याभोवतीचं आवरण उचललं जाण्याआधीच दुसऱ्या शुक्राणूंना अडवणारं काहीतरी पृष्ठभागावरून सरकत जातं, हे त्यांनी 1919 सालीच नोंदवलं. इतकी बारीक नजर असूनही वर्णामुळे अमेरिकेच्या मोठ्या विद्यापीठांची दारं त्यांना बंद राहिली. ते युरोपात गेले आणि परत आल्यावर 1941 साली वारले. 1950 साली बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज का काढलं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना जस्ट यांची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

1952 साली जपानमध्ये काम करणाऱ्या जीन डॅन यांनी शुक्राणूच्या टोकावरची ॲक्रोसोम प्रक्रिया दाखवली. अंड्याभोवतीच्या जेलीतली गंधकयुक्त शर्करा लागली की शुक्राणूत कॅल्शियम शिरतं, टोकावरची पिशवी फुटते आणि ॲक्टिन या प्रथिनाचा एक धागा पुढे येतो. त्या धाग्यावरचं चिकट प्रथिन, बाइंडिन, 1977 साली व्हिक्टर व्हॅकियर आणि गॅरी मॉय यांनी वेगळं केलं. कोणत्या जातीचा शुक्राणू कोणत्या अंड्याला चिकटेल, हे बरंचसं या प्रथिनावर ठरतं.

सत्तरचं दशक या विषयाचं सुगीचं. 1976 साली लॉरिंडा जाफी यांनी अंड्यात इलेक्ट्रोड घालून दाखवलं की शुक्राणू भिडल्यावर काही सेकंदांतच अंड्याच्या पेशीपटलाचा विद्युतभार ऋणाचा धन होतो आणि तेवढ्यानं पुढचे शुक्राणू अडतात. हाच फास्ट ब्लॉक. तो मिनिटभर टिकतो. तेवढ्यात शुक्राणूच्या शिरकावाच्या जागेपासून कॅल्शियमची लाट अर्ध्या मिनिटात अंडं ओलांडते आणि पटलाखालच्या हजारो कणिका, म्हणजे रसायनांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या, फुटतात. भाकरीचा पापुद्रा तव्यावर फुगून सुटावा तसं आवरण अंड्यापासून वर उचललं जातं. हा स्लो ब्लॉक.

आणि इथेच वारबुर्ग यांचा ऑक्सिजन सापडला. फोअर्डर आणि शापिरो यांनी दाखवलं की उचललेलं आवरण कडक होतं ते कणिकांतून आलेल्या पेरॉक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे). हे विकर आवरणातल्या प्रथिनांमधले टायरोसिन हे अमिनो आम्लाचे दुवे एकमेकांना जोडतं आणि त्यासाठी त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. अंडं ते ऑक्सिजनपासून स्वतः बनवतं. 1908च्या त्या सहापट वाढीतला मोठा वाटा श्वसनाचा नव्हताच, तो या पेरॉक्साइडचा होता. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारताना असंच काहीसं करतात. पेरॉक्साइड अंड्यालाही जाळू शकतं, म्हणून त्याच्याजवळ ओव्होथायॉल नावाचं गंधकाचं संयुग भरपूर असतं आणि ते उरलेलं पेरॉक्साइड निकामी करतं. मला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे 1982 साली टिम हंट यांना वुड्स होललाच, सी अर्चिनच्या अंड्यांत, प्रत्येक विभाजनाआधी साठणारं आणि मग अचानक नाहीसं होणारं प्रथिन दिसलं. ते सायक्लिन. त्याबद्दलच्या नोबेलचे ते 2001 साली एक मानकरी ठरले. आज कॅन्सरच्या काही गोळ्या थेट या सायक्लिनच्या जोडीदार विकरांनाच रोखतात.

पोरांसाठी एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. विद्युतभाराचा फास्ट ब्लॉक सी अर्चिनमध्ये आहे, बेडकात आहे. सस्तन प्राण्यांत ज्या अंड्यांवर मोजमाप झालं त्यांत तो आढळला नाही. त्यांच्यात कणिकांतलं ओव्हास्टॅसिन नावाचं विकर झोना पेल्युसिडा या अंड्याच्या बाहेरच्या थरातलं झेडपी-2 हे प्रथिन तोडतं, आणि मग नव्या शुक्राणूला चिकटायला जागा उरत नाही. कॅल्शियमची लाट आणि कणिकांचं फुटणं दोन्हीकडे आहे, त्यानंतरचं रसायन वेगळं. बीएस्सीच्या उत्तरात आकृती सी अर्चिनची काढून खाली 'मानवी अंडं' लिहिलं, तर ते चुकीचं आहे.