खाजेवर सुई: कोपराजवळच्या एका बिंदूची पार्श्वभूमी

‘जी खाजवायला भाग पाडते ती नकोशी संवेदना’ ही खाजेची व्याख्या जर्मन वैद्य सॅम्युएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केली आणि ती आजही चालते. पण खाज म्हणजे सौम्य वेदनाच, ही समजूत त्यानंतरही फार काळ टिकून राहिली. सुईने, म्हणजे ॲक्युपंक्चरने, खाज शमते का, हा शोधही त्यामुळे वेदनेच्याच वाटेने सुरू झाला.

चिनी वैद्यकाची मांडणी निराळी आहे. कातडीत ‘वारा’ शिरला की खाज सुटते, आणि वारा घालवायचा तर आधी रक्त सुधारायचं. म्हणून कोपराजवळचा छ्युची आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या थोडा वर असलेला श्वेहाय (‘रक्ताचा समुद्र’) हे सुई टोचायचे बिंदू त्वचाविकारांत नेहमी घेतले जातात. आपल्याकडे चरकसंहितेने चंदन, कडुनिंब, करंज, दारुहळद, नागरमोथा अशा दहा द्रव्यांचा ‘कंडूघ्न’ गण दिला. तिथे भर औषधींवर होता.

पाश्चात्त्य जगाचं कुतूहल जागं झालं १९७१ मध्ये. अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांची बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, नंतरच्या पोटाच्या त्रासावर त्यांना सुया टोचल्या गेल्या आणि त्यांनी त्यावर लिहिलं. पुढे अफूचा अंमल उतरवणारं नॅलॉक्सोन दिल्यावर सुईने आलेला वेदनाशमनाचा परिणाम पुसला जातो असं प्रयोगांत दिसलं, म्हणजे शरीरातली अफूसारखी द्रव्यं त्यामागे असावीत. १९८४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या कातडीत हिस्टामिन (ॲलर्जीत खाज आणणारं द्रव्य) टोचून खाजेवरही सुईची परीक्षा झाली.

खरा पेच इथे आहे. मणक्यात अफूतलंच मॉर्फिन दिलं की वेदना थांबते, पण अनेकांना खाज सुटते! म्हणजे वेदनेचं स्पष्टीकरण खाजेला जसंच्या तसं लावता येत नाही. १९९७ मध्ये माणसाच्या त्वचेत हिस्टामिनला प्रतिसाद देणारे, खाजेचे खास मज्जातंतू सापडले आणि खाज स्वतंत्र संवेदना ठरली. अफूसारखी द्रव्यं पेशींवर ज्या ग्राहकांना चिकटतात, त्यांतले म्यू ग्राहक खाज वाढवतात, कॅपा ग्राहक ती दाबतात. सुयांना वीज जोडली तर सुमारे १०० हर्ट्‌झला डायनॉर्फिन हे शरीरातलंच अफूसारखं द्रव्य स्रवतं, असं बीजिंगच्या हान जीशंग यांचं काम सांगतं, आणि डायनॉर्फिन कॅपावर काम करतं. डायलिसिसच्या रुग्णांच्या खाजेसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्य झालेलं डायफेलिकेफॅलिन हे औषधही कॅपावरच बसतं. हा दुवा आकर्षक आहे, पण तो सुईचा पुरावा नव्हे.

मूत्रपिंड निकामी झालेल्यांची खाज बहुधा हिस्टामिनची नसते, म्हणून नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळ्या तिथे हरतात. अशा ४० रुग्णांवरचा प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला: छ्युचीवर आठवड्याला तीनदा, महिनाभर सुई. खाजेचा गुणांक सुमारे ३८ वरून १७ वर आला आणि तीन महिन्यांनीही जवळपास तिथेच राहिला. निकाल उत्साह देणारा असला तरी रुग्ण थोडे होते. शिवाय तुलनेसाठी बिंदू सोडून टोचलेली ‘खोटी’ सुईसुद्धा कातडीला टोचतेच, आणि टोचण्याने खाज तात्पुरती दबते. त्यामुळे तुलनेचा गटही पूर्ण कोरा नसतो.

छ्युची बिंदू शोधायला कोपर काटकोनात वाकवा. घडी बाहेरच्या बाजूला जिथे संपते, तिथून हाडाच्या उंचवट्याकडे जाताना मध्ये खळगा लागतो. जडपणा किंवा मुंग्या आल्या की सुई २० ते ३० मिनिटं ठेवतात. चुका होतात त्या इथेच. डायलिसिसचा फिस्टुला (शस्त्रक्रियेने केलेला धमनी आणि शिरेचा जोड) असलेल्या हातावर सुई कधीही नको. तो अनेकदा कोपरालाच असतो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा अंमल असताना टोचलं तर कातडीखाली रक्तस्राव होऊन काळंनिळं पडतं. चिघळलेल्या इसबातून टोचलं तर जंतू आत जातात. उपाशीपोटी, बसून घेतलं तर भोवळ येते, म्हणून रुग्णाला झोपवावं. सुई दर वेळी नवी, निर्जंतुक हवी. निकेलची ॲलर्जी आधी विचारावी.

भारतात ही विद्या आली ती डॉ. बिजय कुमार बसूंमार्फत. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर यांच्याबरोबर होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात उपचार करू लागले.