सह्याद्रीतील हौशी निसर्गछायाचित्रण

सह्याद्रीतले किल्ले, कडे, सडे (खडकाळ पठारे) आणि घाटवाटा भटकताना निसर्गदृश्ये टिपणे व ती इतरांना दाखवणे हा महाराष्ट्रातील एक लोकप्रिय छंद. त्याचे नाते स्टुडिओपेक्षा ट्रेकिंगशी जवळचे आहे. यातल्या अनेकांच्या पाठीवर आधी सॅक आली आणि मग गळ्यात कॅमेरा.

मुंबईतील हौशी छायाचित्रणाची परंपरा त्याहून बरीच जुनी. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होत. मात्र ओली काच वापरण्याच्या पद्धतीत चित्र घेतल्यावर ती वाळण्याआधीच धुवावी लागे, म्हणजे अंधारखोलीही बरोबर न्यावी लागे. असा संसार घेऊन गड चढणे हौशी माणसाच्या आवाक्यातले नव्हते. छोटे कॅमेरे आणि रोल आल्यावर डोंगर या छंदात आला. ३६ फोटोंच्या रोलमध्ये हात राखून क्लिक करावे लागे. ट्रेकवरून परतल्यावर पडद्यावर स्लाइड दाखवणे ही तेव्हाची देवाणघेवाण होती, आणि चित्र कुठले ते सांगायला छायाचित्रकार समोर हजर असे. पुढे गोपाळ बोधे आणि उद्धव ठाकरे यांच्या हवाई छायाचित्रांमुळे माची, बुरूज, तटबंदी यांची रचना सामान्य वाचकालाही एका नजरेत दिसली.

या प्रदेशात चित्र ठरते ते हंगामावर. जूनपासून ढग घाटमाथ्याला टेकतात. दृश्य मिनिटभर उघडते आणि पुन्हा मिटते. पावसाळ्यातल्या दमट हवेने लेन्सला बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हे ट्रायपॉडइतकेच गरजेचे सामान. ऑगस्टअखेरीपासून कास पठाराचा जांभ्याचा सडा फुलतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारशात आली, त्यांत कासचा समावेश आहे. कारवी या झुडपाच्या फुलांसाठी मात्र वर्षानुवर्षे थांबावे लागते: मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली. हिवाळ्यात हवा स्वच्छ असली, तरी सगळे त्याच निळ्या आकाशाचे फोटो घेऊन येतात. फेब्रुवारी ते मे या काळात अमावास्येच्या आसपास, शहरांच्या उजेडापासून दूर, आकाशगंगेचा गाभा टिपता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यासाठी पहाटेपर्यंत जागावे लागते. मे-जूनमध्ये भंडारदरा परिसरात काजवे.

सर्वांत दुर्मीळ मानाचे चित्र हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरील इंद्रवज्राचे. कडा पश्चिमाभिमुख आहे. सकाळी सूर्य पाठीशी असताना खाली दरीत धुके भरलेले असेल, तर पाहणाऱ्याची सावली त्यावर पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. गंमत म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या दोघांना दोन वेगळी वर्तुळे दिसतात, प्रत्येकाला स्वतःच्या डोक्याभोवती. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानावरील १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात या गोलाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे.

चित्रे दाखवण्याची रीत २००० नंतर झपाट्याने बदलली. २००४ मध्ये फ्लिकर हे फोटो दाखवण्याचे संकेतस्थळ आले, २००५ मध्ये पॅनोरामिओ. दुसऱ्यात चित्र थेट नकाशावर टाचता येई. कोणत्या घाटवाटेवरून काय दिसते हे घरबसल्या कळत असल्याने ते ट्रेकर्सना उपयोगी पडे. २०१६ मध्ये ते बंद झाले. तोवर इन्स्टाग्राम (२०१०) आणि चांगला कॅमेरा असलेले फोन घरोघर पोहोचले होते.

तेव्हापासून या छंदातला खरा वाद कॅमेऱ्याचा नसून ठिकाण सांगावे की नाही, हा आहे. पावसाळ्यात एखाद्या धबधब्याचा फोटो गाजला की शनिवार-रविवारी तिथे रांग लागते, आणि घसरड्या वाटेवर अपघात झाले की प्रशासन बंदी घालते. कासला फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांनी सडा तुडवला. तिथे आता पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे. काजव्यांची अडचण वेगळी: प्रकाश हाच त्यांचा जोडीदाराशी संवाद, त्यात विजेऱ्या आणि फ्लॅश व्यत्यय आणतात. म्हणून काही जण केवळ तालुका सांगतात, काही चित्रातील जीपीएस नोंद काढून टाकतात. उलट, गावात राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांना पर्यटक हवे असतात, हेही खरे. नाव लपवणारा स्वतः तिथे कुणाच्या तरी फोटोमुळेच पोहोचलेला असतो, तेव्हा सरसकट गुप्तता थोडी अप्पलपोटी वाटते. नाजूक सडे, गिधाडांची घरटी असलेले कडे आणि निसरड्या वाटांचे धबधबे यांचा नेमका पत्ता मात्र न देणेच बरे.

केंद्रीय संरक्षित किल्ल्यांवर ट्रायपॉड किंवा ड्रोन वापरण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पूर्वपरवानगी लागते; ड्रोनला शिवाय २०२१ चे ड्रोन नियमही लागू आहेत. अभयारण्यांत वनविभागाचे नियम वेगळे असतात.