खाणीचे कागद गावाला मागता येतात का?

“खाणपट्टा, म्हणजे खाणीसाठी सरकारने दिलेला भाडेपट्टा, हा कंपनी आणि सरकार यांच्यातला व्यवहार. त्याचे कागद गोपनीय असतात, गावकऱ्यांना किंवा संस्थांना ते मागता येत नाहीत.” असा निरोप वर्षानुवर्षे फिरतो. कार्यालयात एकदा “मिळत नाही” ऐकून परतलेल्या माणसाला तो खरा वाटला तर नवल नाही.

पण जमिनीखालचं मुख्य खनिज (कोळसा, लोहखनिज यांसारखं) काढण्याचा परवाना सरकार देतं, स्वामित्वधनही (काढलेल्या खनिजावरची रॉयल्टी) सरकारजमा होतं. म्हणजे नोंदी सरकारी दप्तरात असतात आणि तिथे माहिती अधिकार कायदा, २००५ लागू होतो. व्यापारी गुपिताचा अपवाद त्यात आहे, पण व्यापक जनहित मोठं ठरलं तर तोही बाजूला पडतो.

पर्यावरण मंजुरीचं तर आणखी सोपं. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार मंजुरीच्या अटींच्या पालनाचा अहवाल कंपनीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे, अर्ज करणाऱ्या कोणालाही त्याची प्रत मिळते. (ही ओळ अधिसूचनेतच आहे, तरी फार थोड्यांना माहीत असते.)

पडताळायचं असेल तर महाराष्ट्रात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून जिल्हा खनिकर्म कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. पट्ट्याची प्रत, वर्षनिहाय उत्पादन आणि भरलेलं स्वामित्वधन, एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. मग उत्पादनाचा आकडा आणि गावातून रोज जाणारे ट्रक यांचा मेळ बसतो का, हे गावातली माणसंच सगळ्यात चांगलं सांगू शकतात.