दिल्लीच्या जुन्या वास्तू आणि लढाया

दिल्लीतल्या जुन्या इमारती बघताना एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात घ्यायची, ती म्हणजे इथे लढाई चालू असताना जेवढी पडझड झाली त्याच्या कितीतरी पट लढाई संपल्यावर जिंकलेल्यांनी केली. तोफेचा गोळा भिंतीला भोक पाडतो, पण अख्खा महाल पाडायला सवड लागते आणि ती फक्त जिंकणाऱ्याकडे असते.

सुरुवात खूप मागे जाते. अलाउद्दीन खिलजीच्या काळात 1303 मध्ये मंगोलांनी दिल्लीला वेढा घातला तेव्हा सुलतानाला सिरीच्या माळावर छावणी करून कसंबसं निभवावं लागलं, आणि मग त्याच जागी त्याने सिरीचा किल्ला बांधला. मंगोलांची हजारो मुंडकी किल्ल्याच्या पायाभरणीत गाडली असं सांगतात, आता ते खरं किती आणि दहशत बसवायला पसरवलेलं किती कोण जाणे. पुराना किल्लापण असाच, हुमायूनने वसवलेलं दीनपनाह नावाचं शहर 1540 मध्ये शेरशाहने जिंकून घेतलं आणि आपलं बांधकाम तिथेच उठवलं, आतली किला-ए-कुहना मशीद त्याचीच. 1555 मध्ये हुमायूनने दिल्ली परत मिळवली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या शेर मंडल नावाच्या दुमजली इमारतीच्या जिन्यावरून पडून वारला.

लाल किल्ला 1648 मध्ये पूर्ण झाला, आणि पुढची दोनेकशे वर्षं जो येईल तो तिथून काहीतरी उचलून नेतोय असा प्रकार. 1739 मध्ये नादिरशाहने मयूरासन नेलं, कोहिनूर नेला, चांदणी चौकातल्या सुनहरी मशिदीत बसून कत्तलीचा हुकूम दिला, पण किल्ल्याच्या भिंती जागेवर राहिल्या. मग येतो आपला नंबर, आणि हे लिहिताना मराठी माणसाने उगाच खाकरायचं कारण नाही. 1760 च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, उत्तरेतून वसुली येईना, म्हणून दिवाण-इ-खासचं, म्हणजे किल्ल्यातल्या बादशहाच्या खास दरबाराच्या महालाचं, चांदीचं छत उतरवून वितळवलं आणि त्याचे रुपये पाडले, साधारण नऊ लाखांचे असं सांगितलं जातं. मराठ्यांच्या बरोबर आलेल्या भरतपूरच्या सूरजमल जाटाला हे अजिबात आवडलं नव्हतं. पानिपत त्यानंतर जेमतेम साडेपाच महिन्यांवर. पुढे 1788 मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने किल्ल्यात घुसून बादशहा शाह आलमचे डोळे काढले आणि पुरलेला खजिना मिळेल म्हणून महालांच्या फरश्या उखडल्या, त्याला पकडून शिक्षा दिली ती महादजी शिंद्यांच्या माणसांनी.

1803 मध्ये पटपडगंजला शिंद्यांची फौज हरली आणि दिल्ली इंग्रजांकडे गेली. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी शहराला वेढा घातला, तो फसला पण इंग्रजांना कळून चुकलं की हा शहरकोट फारच कच्चा आहे. मग त्यांनी स्वतःच्या खर्चाने तो मजबूत केला, बुरुज रुंद केले, खंदक नीट केला, एका बुरुजाला मोइरा तर एकाला वेलस्ली अशी नावं दिली. आणि 1857 मध्ये ह्याच भिंतींच्या आत बंडवाले आणि बाहेर इंग्रज! आपणच पक्की केलेली तटबंदी फोडायला त्यांना सप्टेंबर उजाडला, 14 तारखेला काश्मिरी गेटचं दार सुरुंगाने उडवलं, त्या गेटवरचे गोळ्यांचे घाव आजही दिसतात. जवळच लोथियन रोडवर दारूखान्याच्या, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराच्या, दोन कमानी ट्रॅफिकच्या मधोमध उभ्या आहेत, तो दारूखाना 11 मे ला इंग्रजांनीच हातचा जाऊ नये म्हणून उडवून दिला होता. सेंट जेम्स चर्चच्या घुमटावरचा गोळा आणि क्रॉस गोळ्यांनी चाळण झाले होते, आणि हे चर्च बांधणारा जेम्स स्किनर 1803 पर्यंत शिंद्यांच्या चाकरीत होता बरं का.

शहराच्या उत्तरेकडच्या टेकडीवरचं, म्हणजे रिजवरचं, हिंदू राव हॉस्पिटल हे नाव ऐकून कुणाला पत्ता लागत नाही, पण हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटगे, ग्वाल्हेरच्या राणी बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. त्यांची तिथली कोठी 1857 मध्ये इंग्रजांची पुढची मुख्य चौकी होती आणि तोफांच्या माऱ्याने तिची पार दैना झाली.

खरी तोडफोड मात्र त्यानंतरची. जानेवारी 1858 मध्ये दिवाण-इ-खासमध्येच बहादूरशाहवर खटला चालवला आणि मग किल्ला लष्कराच्या ताब्यात. जनानखाना, बागा, कारंजी, ओवऱ्या सगळं पाडून गोऱ्या सोल्जरांसाठी बराकी उठवल्या, आतलं बहुतेक बांधकाम त्यात गेलं. बाहेर तोफेच्या टप्प्यात आडवं काही नको म्हणून वस्त्या सपाट केल्या, अकबराबादी मशीद त्यातच गेली. किल्ला आणि जामा मशीद यांच्यात आज जी मोकळी जागा दिसते ना, ती काही मुघलांनी ठेवलेली नाही. इंग्रजांनी ताब्यात घेतलेली जामा मशीद 1862 ला मुसलमानांना परत दिली. झीनत-उल-मशिदीत बेकरी चालायची, फतेहपुरी मशीद तर लाला चुन्नामल नावाच्या व्यापाऱ्याला विकली, ती 1877 मध्ये परत मिळाली.

विसाव्या शतकात लढाया दूर झाल्या पण दगडात उतरल्याच. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांसाठी इंडिया गेट 1931 मध्ये झालं, त्यावर 13 हजारांहून जास्त नावं कोरलीयत, 1971 च्या युद्धानंतर खाली अमर जवान ज्योत आली आणि 2022 मध्ये ती शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नेली. 1947 च्या फाळणीत पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा निर्वासितांच्या छावण्या झाल्या. लाल किल्ल्यात 1945 ला आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. लष्कराने किल्ला सोडला तो 2003 मध्ये, आणि महाल पाडून बांधलेल्या त्या बराकींमध्ये 2019 पासून म्युझियम आहेत, त्यातलं एक 1857 चं.