संत्र्याच्या पानांवरून रोगनिदान (नागपूर परिसर)

परसात, अंगणात किंवा गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत लावलेल्या संत्र्याची पाने पाहून त्याला लागलेली कीड, रोग, अन्नद्रव्याची कमतरता किंवा पाण्याचा त्रास ओळखण्याची पद्धत. नागपुरात हे झाड बहुधा नागपुरी संत्र्याचे, म्हणजे जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम असते. या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी हा त्याचा मुख्य पट्टा. तिथल्या बागायतदाराची नजर शेकडो झाडांवर तयार झालेली असते. घरच्या एकट्या झाडाला तुलनेला शेजारी नसतो, म्हणून पाने कोणत्या क्रमाने पाहायची याला घरी जास्त महत्त्व आहे.

पहिला प्रश्न पिवळे पान नवतीचे, म्हणजे नव्या फुटीचे आहे की जुने, हा. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरतात. कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या फुटीला पुरवते. त्यामुळे नत्र कमी असल्यास जुनी पाने सरसकट फिकट होतात. मॅग्नेशियम कमी असल्यास पान कडेकडून पिवळे पडते आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण उरतो. लोह आणि जस्त यांची हालचाल मात्र फार थोडी, म्हणून त्यांचा तुटवडा आधी नवतीवर दिसतो. लोहाच्या कमतरतेत कोवळे पान पिवळसर-पांढरे पडते आणि त्यावर शिरांची बारीक हिरवी जाळी उठून दिसते. जस्ताच्या कमतरतेत पाने लहान, अरुंद व टोकदार राहतात, शेंड्याला गुच्छासारखी जवळजवळ येतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो.

नागपूरकडे या दोन कमतरता वारंवार दिसतात आणि त्यांचे मूळ जमिनीत आहे. येथील काळी माती बेसाल्ट खडकाची, भारी आणि बऱ्याच ठिकाणी चुनखडीयुक्त आहे. मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास गेला की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना घेता येत नाहीत. अशा झाडाला युरियाची मूठ टाकणे ही फार वाईट सवय आहे. तुटवडा तसाच राहतो, वर कोवळी फूट जोरात येते आणि नेमकी तिच्यावरच कीड बसते. जस्तासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विझवलेला चुना घालून नवतीची पाने कडक होण्याआधी फवारतात. लोहासाठी बाजारात दोन प्रकारची चिलेटे, म्हणजे लोह विरघळलेले ठेवणारी संयुगे मिळतात. जमिनीतून द्यायचे असेल तर इडीडीएचए हेच घ्यावे, कारण इडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. सतत ओल असली तरीही लोहाची कमतरता वाढते, म्हणून पुष्कळदा पाण्याच्या दोन पाळ्यांमधले अंतर वाढवून माती वाफशावर (ना चिखल, ना कोरडी) आणणे हाच खरा उपाय ठरतो.

जस्ताच्या कमतरतेशी हमखास गल्लत होते ती ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची, आणि ही गल्लत महागात पडते. कमतरता असेल तर पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणाची नक्षी जवळजवळ सारखी असते. ग्रीनिंगमध्ये ती जुळत नाही: एका बाजूला मोठा पिवळा डाग, तर त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूला हिरवे. पान उजेडाकडे धरले की हा फरक स्पष्ट दिसतो. रोग सहसा एखाद्याच फांदीपासून सुरू होतो. फळे लहान आणि वाकडी धरतात. तो सायला या किडीमार्फत पसरतो. प्रौढ सायला डोके खाली आणि मागची बाजू वर उचलून तिरपी बसते, तर तिची पिले कोवळ्या शेंड्यांवर पांढरे मेणचट दोरे सोडतात. ही कीड गोडनिंबावर (कढीपत्त्यावर) आणि कुंतीवरही (कामिनीवरही) वाढते. नागपूरच्या अंगणात संत्र्याच्या जोडीला गोडनिंब असतोच, म्हणून तपासणी दोन्ही झाडांची करावी. खात्रीचे निदान प्रयोगशाळेतील पीसीआर चाचणीनेच होते. लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपुरातच अमरावती मार्गावर आहे. रोगावर इलाज नाही. निदान पक्के झाल्यावर झाड काढून टाकणेच योग्य, एरवी आसपासच्या निरोगी झाडांना तेच भोगावे लागते.

पान काळे पडणे दिसायला सर्वांत भयंकर, पण निदानाला सोपे. विदर्भात याला कोळशी म्हणतात. वरच्या बाजूला काजळी दिसली की पान उलटावे. काळ्या माशीची अंडी तिथे चक्राकार ओळीत घातलेली असतात आणि पिले काळ्या, चकचकीत ठिपक्यांसारखी चिकटून बसलेली असतात. त्यांच्याभोवती पांढऱ्या मेणाची कड असते. ती रस शोषतात आणि चिकटा सोडतात, त्या चिकट्यावर ही बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, ओल्या फडक्याने पुसली जाते. म्हणून बुरशीनाशकापेक्षा माशीकडे लक्ष द्यावे. घरच्या झाडाला लिटरमागे ५ ते १० मिलि निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या खालून फवारणे बहुधा पुरते.

पानात चांदीसारखी नागमोडी रेघ दिसली तर ती पाने पोखरणाऱ्या अळीची. ती कोवळ्या पानातच शिरू शकते आणि पावसाळी नवतीवर जास्त दिसते. कडा कुरतडलेल्या दिसल्या तर पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका शोधावा. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी असते. हाताने वेचली की झाले. खैऱ्या या जिवाणूजन्य रोगाचे खडबडीत, पिवळ्या वलयाचे डाग संत्र्यापेक्षा कागदी लिंबावर अधिक येतात.

पानांवर दिसणारा काही त्रास मुळाचा किंवा बुंध्याचा असतो. पान हिरवे असताना त्याची मधली शीर पिवळी पडली, पानगळ सुरू झाली आणि शेंडे वाळू लागले, तर बुंध्याची माती बाजूला करून साल पाहावी. डिंक ओघळत असेल, साल कुजून तपकिरी झाली असेल तर तो फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीसारख्या जीवामुळे होणारा डिंक्या रोग. कलमाचा सांधा मातीत गाडला गेल्याने किंवा पाणी बुंध्याशी साचल्याने तो बळावतो. कुजलेली साल खरवडून १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणातील बोर्डो मलम लावतात; घरच्यापुरते याच प्रमाणात कमी करून घेता येते. आळे दुहेरी करून पाणी बाहेरच्या कड्यात द्यावे.

उन्हाळा हे नागपुरातले वेगळे प्रकरण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा दुपारी पाने आत वळणे हा रोग नाही. संध्याकाळी ती उलगडली तर झाड ठीक आहे. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुले यावीत म्हणून, पाणी तोडून ताण दिलेल्या झाडाची पाने मलूल होऊन काही गळतात, तेही अपेक्षितच. कूलरचे पाणी मात्र खरा त्रास देते. टाकीतले पाणी दिवसरात्र उडून जाते, क्षार मागे राहतात, आणि ते उरलेले पाणी पुष्कळ घरांत नळीने सरळ झाडाच्या आळ्यात सोडले जाते. बोअरचे पाणी असेल तर क्षार आणखी जास्त. जुन्या पानांची टोके तपकिरी होतात, मग कडा, आणि जळका भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये पिवळी रेघ दिसते. अशा वेळी कूलरची नळी दुसरीकडे वळवावी आणि गोड्या पाण्याच्या एक-दोन भरपूर पाळ्या द्याव्यात. पाणी निचरून जाणार असेल तरच. जळलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. उपाय लागू पडला की नाही, हे पावसाळ्यात येणाऱ्या नवतीवर पाहायचे.