एक महोगनी संपत आली म्हणून दुसरीचा नंबर लागला

महोगनी महोगनी म्हणतो आपण, पण लाकडाच्या बाजारात त्या एकाच नावाखाली मुख्यतः दोन वेगळी झाडं खपली, आणि दुसरं आज धोक्यात का आहे ते कळायला आधी पहिल्याचं काय झालं ते बघावं लागतं.

पहिलं छोट्या पानांचं, क्युबा, जमैका, बहामा या बेटांवरचं. सावकाश वाढणारं, लाकूड घट्ट नि जड. १७२१ मध्ये ब्रिटनने आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची ड्युटी काढली आणि झालं, लंडनच्या फर्निचरवाल्यांना जमैकाची महोगनी परवडायला लागली, मग टेबल काय नि कपाट काय, श्रीमंतांच्या घरात सगळं महोगनीचंच. बेटांवरचं जंगल ते किती पुरणार! सरळसोट झाडं आधी गेली, बऱ्याच ठिकाणी वाकडी, झुडपासारखी तेवढी उरली, आणि पुढचं बी पडलं ते त्यांचंच.

मग नजर गेली मोठ्या पानांच्या महोगनीकडे, मेक्सिकोपासून थेट बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंत पसरलेल्या. आजच्या बेलिझमध्ये इंग्रज आधी रंगासाठी लॉगवूड तोडायचे, त्याचे भाव पडले तसे ते हिच्याकडे वळले. ही दाट उगवत नाही, एकेकटी लांब लांब उभी असते, त्यामुळे ती शोधायलाच एक वेगळा माणूस ठेवलेला असायचा, ऑगस्टच्या सुमारास तो सगळ्यात उंच झाडावर चढायचा आणि नुसत्या पानांच्या तांबूस रंगावरून लांबची झाडं हेरायचा. घाव घालणारे बहुतेक गुलाम. बेलिझच्या झेंड्यावर आजही महोगनीचं झाड आहे, शेजारी कुऱ्हाड नि वल्हं घेतलेले दोघंजण.

कहर म्हणजे शंभरेक वर्षं तोडून झाल्यावर, १८८६ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज किंगने हिला वेगळी जात म्हणून शास्त्रीय नाव दिलं, तेही कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये लावलेल्या झाडांवरून!

संरक्षणातही तोच उशीर. छोट्या पानांची १९९२ मध्ये साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात (परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्यांच्या यादीत) आली, तेव्हा तिचा धंदा जवळजवळ संपलेलाच होता, त्यामुळे कुणाला फारसं दुखलं नसावं. मोठ्या पानांचीचे प्रस्ताव मात्र नव्वदच्या दशकात येत राहिले नि पडत राहिले, २००२ मध्ये एकदाचा मंजूर झाला, लागू व्हायला २००३ चा नोव्हेंबर. बरं, लागवड करून भागवावं तर मूळ मुलखात शेंडा पोखरणारी अळी रोपांना सरळ वाढू देत नाही, म्हणून मोठे मळे उभे राहिले ते फिजीसारख्या ठिकाणी, जिथे ती अळी मुळात नव्हतीच.