पाऊस गगनबावड्यात, पूर शिरोळात. मग विमा कुठल्या आकड्यावर?

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी ३९ फुटांकडे सरकू लागली की कोल्हापुरात मोबाइलवर दुसरा विषय नसतो. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये त्याहून थोडं जास्तच. पूर ओसरला की चिखल काढता काढता हमखास ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "वरून उपग्रह सगळं बघतोय, मग सर्व्हेअरची वाट कशाला बघायची? पैसे थेट खात्यावर टाका की!"

प्रश्न रास्त आहे, आणि जगभरचा विमा व्यवसाय सध्या त्याच दिशेनं चाललाय. गाडीच्या पोचलेल्या दाराचा फोटो पाठवा, संगणक खर्चाचा अंदाज देतो. गाडी किती चालवता यावर हप्ता ठरवणाऱ्या योजनांना आपल्याकडे २०२२ मध्ये विमा नियामकाची परवानगी मिळाली. ही सगळी सोयीची कामं, त्यात फार खोलात जाण्यासारखं काही नाही. खरी गंमत आहे ती पॅरामेट्रिक विम्यात. इथं तुमचं नुकसान किती झालं हे कुणी विचारतच नाही. करारात एक आकडा लिहिलेला असतो: एवढा पाऊस, एवढं तापमान, नदीची एवढी पातळी. आकडा ओलांडला की ठरलेली रक्कम मिळते. पंचनामा नाही, पावत्या नाहीत.

याला कुणी 'एआय युगातली क्रांती' म्हटलं तर हसून सोडून द्यावं. पावसाच्या मोजणीवर शेतकऱ्याला भरपाई देण्याची तपशीलवार योजना म्हैसूर संस्थानातल्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच मांडली होती. प्रत्यक्षात यायला २००३ उजाडलं. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यात भुईमूग आणि एरंडीच्या शेतकऱ्यांसाठी असा विमा निघाला. २०२४ च्या उन्हाळ्यात 'सेवा' संघटनेच्या हजारो कष्टकरी महिलांना तापमानाचा आकडा ओलांडला म्हणून पैसे मिळाले. पंचांगात नक्षत्राचं वाहन हत्ती असलं की पाऊस भरपूर, असं सांगणारे आजही भेटतात. त्यांना एवढंच विचारावं, त्या वाहनावर हप्ता ठरवून स्वतःच्या खिशातून भरपाई द्यायला तयार आहात का? 'आमचं एआय पूर आधीच ओळखतं' म्हणणाऱ्या कंपनीलाही हाच प्रश्न.

पण पुराचा विमा इतका अवघड का? थोडं गणित करू. समजा १० हजार स्कूटरचा चोरीचा विमा काढला आणि प्रत्येक स्कूटर वर्षात चोरीला जाण्याची शक्यता शंभरात १ आहे. सरासरी १०० चोऱ्या होतील. एका चोरीचा दुसरीशी संबंध नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा या सरासरीभोवतीच घुटमळतो. त्याचं प्रमाणित विचलन (आकडा सरासरीपासून साधारण किती ढळतो त्याचं माप) १० च्या आसपास येतं, म्हणजे बहुतेक वर्षी ८० ते १२० दावे. कंपनीला झोप लागते. आता नदीकाठची १० हजार घरं घ्या. शक्यता तीच, शंभरात १. सरासरीही तीच, वर्षाला १०० दावे. पण पाणी येतं तेव्हा सगळ्यांकडे एकाच रात्री येतं. म्हणजे बहुतेक वर्षी शून्य दावे, आणि एखाद्या वर्षी १० हजार. प्रमाणित विचलन १० वरून जवळपास १,००० वर जातं. सरासरी तसूभरही न हलता जोखीम शंभर पटींनी वाढली! आणखी १० हजार पूरग्रस्त घरं जमवून ती कमी होत नाही. तिथं जपानचं वादळ, फ्लोरिडाचं वादळ असे एकमेकांशी संबंध नसलेले धोके मिसळावे लागतात. ते काम पुनर्विमा कंपन्या करतात: विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या स्विस री, म्युनिक री, आपली जीआयसी री. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानं फ्लोरिडातल्या अनेक विमा कंपन्या बुडवल्या, तेव्हापासून जुन्या दाव्यांच्या सरासरीवर विसंबणं मागे पडलं आणि संगणकात हजारो काल्पनिक वादळं घडवून हप्ता ठरवायची पद्धत रुळली. कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या दुकानाच्या हप्त्यात परदेशातल्या वादळाचा अंश असतो तो याच वाटेनं.

आता आकडा कुठला घ्यायचा? पाऊस मोजणं सोपं, म्हणून बहुतेक योजना पाऊस धरतात. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहेच. पण हाच निकष कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला लावून बघा. गगनबावड्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर कोसळतो, शिरोळचं वर्ष पाचशे-सहाशेवर भागतं, आणि दोन्हींत सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. घाटमाथ्याचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेत येतं आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला भेटतं. तिथं फुगवटा धरतो. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं उघडत नाही, त्याला वेगळा लेख लागेल.) म्हणजे शिरोळचा पर्जन्यमापक कोरडा ठणठणीत असताना कुरुंदवाडात घरात पाणी असू शकतं. पावसावरचा विमा अशा वेळी एक पैसा देणार नाही. आकडा आणि नुकसान यांच्यातल्या या फटीलाच विमावाले आधार-जोखीम म्हणतात.

मग बंधाऱ्याची पातळी धरू. ४३ फुटांवर पैसे द्यायचे ठरवले तर? धरून चालू, की ती पातळी तीन वर्षांतून एकदा ओलांडली जाते. ३० हजारांच्या भरपाईला नुसता निव्वळ हप्ताच वर्षाला १० हजार होईल, कोण घेणार? पंचवीस वर्षांतून एकदा येणारी पातळी धरली तर तो १,२०० वर येतो, अधिक कंपनीचा खर्च आणि नफा. पण मग मधल्या पुरात जयंती नाल्याच्या तुंबलेल्या पाण्यानं ज्याचं दुकान बुडालं तो हात चोळत बसतो, आणि मोठ्या पुरात चौथ्या मजल्यावरचा कोरडा माणूस पैसे घेऊन जातो.

इथं उपग्रह येतो, आणि माझा आवडता भाग सुरू होतो. पुराच्या दिवसांत आभाळ गच्च असतं, साधा कॅमेरा आंधळा. रडार मात्र स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतं, त्या ढगातून आरपार जातात. ते तिरकं बघतं. संथ पाण्यावर लहर पडली की आरशावर तिरक्या धरलेल्या बॅटरीच्या उजेडासारखी पलीकडे निघून जाते. उपग्रहाकडे काहीच परतत नाही आणि पाणी चित्रात काळं दिसतं. सोपं वाटतं ना? आता उभ्या उसात पाणी शिरलंय असं समजा. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर सुमारे साडेपाच सेंटिमीटरची. ती उसाच्या पाल्यावरच अडकते, खालचं पाणी तिला दिसतच नाही. इस्रो आणि नासानं ३० जुलै २०२५ रोजी सोडलेल्या निसारमध्ये २४ सेंटिमीटरची लहरही आहे. ती पाल्यातून बरीच खाली उतरते, पाण्यावर आपटते, तिथून उसाच्या कांड्यावर आणि मग माघारी उपग्रहाकडे. अशा दुहेरी परावर्तनामुळं बुडालेला ऊस काळा दिसण्याऐवजी उलट चमकतो! शहरात भिंत आणि पाणी मिळून हेच करतात, म्हणून पाणी भरलेला चौक कधी काळा, कधी लखलखीत. वाऱ्यानं पाणी हललं तर तेही थोडं उजळतं. तेव्हा 'काळं म्हणजे पाणी' असा ठोकळा नियम लावणारं सॉफ्टवेअर नेमक्या उसाच्या पट्ट्यात फसेल. शिवाय निसार त्याच जागेवर त्याच कोनातून १२ दिवसांनी येतो. पूर मध्येच चढून उतरला तर? म्हणून सर्व्हेअरची पूर्ण सुट्टी इतक्यात नाही. नदीची पातळी, रडार आणि जमिनीच्या उंचीचा नकाशा एकत्र लावले तर फट बरीच बुजते.

फट बुजली की मात्र दुसरीच अडचण उभी राहते. नकाशावर पूररेषेची जी लाल रेघ असते ती शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. असा पूर तीन वर्षांत दोनदा यायची शक्यता १० हजारांत ३. पडला म्हणायचा योगायोग. पण हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, तेव्हा शंभराचा आकडाच जुना झाला असावा, हे मला जास्त पटतं. अशा वेळी घराघराची जोखीम अचूक कळू लागली, तर नदीकाठच्या प्रयाग चिखली किंवा आंबेवाडीतल्या घराचा हप्ता परवडणारच नाही, आणि टेंबलाईच्या टेकडीवरचा माणूस विमा घेणारच नाही. मग पैसे एकत्र येणार कुणाचे? फ्रान्सनं १९८२ पासून यावर सरळ उपाय केलाय: टेकडीवरचा असो की नदीकाठचा, प्रत्येक मालमत्ता विम्यावर सारख्याच टक्क्यानं आपत्ती अधिभार. तो १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून २० झाला. ब्रिटननं २०१६ मध्ये 'फ्लड री' काढली. तिथंही सगळ्यांच्या पैशातून पूरपट्ट्यातल्या घरांचा हप्ता आवाक्यात ठेवतात. फक्त १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना तिथं जागा नाही, धोका माहीत असताना बांधणाऱ्यांचा बोजा इतरांनी का उचलावा म्हणून.

कोल्हापुरात अशी योजना आणायची झाली, तर आधी २०१९ नंतर लाल रेषेच्या आत किती इमारती उभ्या राहिल्या ते मोजावं लागेल. ढग नसलेल्या महिन्यांत त्याला रडारही लागत नाही. साध्या उपग्रहचित्रात त्या स्वच्छ दिसतात.